सावलीतील अंगणबाग (गोवा)

झाडे, शेजारची इमारत किंवा खुद्द घर यांच्या सावलीमुळे ज्या दर्शनी अंगणात दिवसातून साधारण चार तासांपेक्षा कमी थेट ऊन पडते, अशा अंगणातील बागेची नव्याने आखणी. गोव्यात या कामाला नर्सरीतल्या रोपांच्या यादीपासून सुरुवात केली की ते हमखास फसते. इथे सावली वर्षभर एकसारखी राहत नाही. पावसाळ्यात ती कुजवते आणि उरलेल्या महिन्यांत तहानलेली ठेवते.

गोमंतकीय घराचे पुढचे अंगण मुळात बाग नव्हतेच. पाऊस सरला की ते उकरून, चोपण्याने चोपून सपाट करायचे आणि शेणाने सारवायचे. मध्ये तुळशी वृंदावन, कडेला जास्वंद, तगर, अबोली. एप्रिल-मे महिन्यांत त्याच अंगणात भिरंडांची सोलां (कोकमाच्या साली), मिरच्या आणि पापड वाळत पडायचे, म्हणजे अंगणाला ऊन हवेच असायचे. ख्रिस्ती घरांत वृंदावनाच्या जागी खुरीस (क्रूस) आणि दारात बाल्कांव (बसायचा ओटा असलेला सोपा), पण मोकळीक तीच. झाडांची गर्दी असायची ती परसात, भाटात (माडांच्या बागेत) किंवा कुळागरात (पोफळीच्या मिश्र बागायतीत). आता प्लॉट लहान झाले आणि शेजारी तीन मजली इमारती उठल्या. आजोबांनी घरापासून दहा-बारा फुटांवर कौतुकाने लावलेल्या मानकुराद आंब्याने कौलांवर फांद्या टेकल्या. आजचे सावलीचे अंगण बहुतेक ठिकाणी असे नकळत तयार झालेले असते.

राज्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि डिसेंबर ते एप्रिल जवळजवळ कोरडे जातात. आंब्याखालची जमीन जुलैत दिवसचे दिवस वाळत नाही. तीच जमीन मार्चमध्ये राखेसारखी भुसभुशीत होते, कारण पडलेले थोडेफार दव पानांवरच अडते आणि मातीतला ओलावा झाडाची मुळे आधी ओढून घेतात. थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांतली होस्टासारखी सावलीप्रिय झाडे इथे टिकत नाहीत. त्यांना हिवाळ्यातली कडक थंडी लागते. व्हिडिओ पाहून ती ऑनलाइन मागवण्यात पैसे आणि वर्ष दोन्ही जातात.

सावलीची मोजणी : पहिले काम कागदावर नसून जमिनीवर असते. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच वाजता सावलीची कड रांगोळीने किंवा चुन्याने आखायची आणि वरून फोटो काढून ठेवायचा. हे एकदा करून भागत नाही. गोवा सुमारे १५ ते १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उरलेले वर्षभर दक्षिणेला. डिसेंबरअखेर तो दुपारीही क्षितिजापासून सुमारे ५१ अंशच वर येतो. तेव्हा ४ मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सव्वातीन मीटरपर्यंत पसरते. उत्तराभिमुख घराचे अंगण म्हणून डिसेंबरात काळोखे आणि मेमध्ये भाजून निघणारे असते. मेमध्ये पाहणी करून झाडे निवडणारा दिवाळीनंतर चक्रावतो, आणि थंडीत निवडणाऱ्याची नेचे मेमध्ये करपतात. दोन मोजण्या तरी हव्यात, एक डिसेंबर-जानेवारीत आणि दुसरी एप्रिल-मेमध्ये. पश्चिमाभिमुख अंगणात तासांची बेरीज फसवी ठरते, कारण दुपारी तीननंतरचे दोन तास ऊन कोवळ्या पानाला सकाळच्या चार तासांपेक्षा जास्त भाजते.

कोणाची सावली हेही पाहावे लागते. आंबा, फणस आणि बकुळ यांची सावली दाट असते आणि बारमाही राहते. माडाखाली कवडसे फिरत राहतात आणि ते माडाच्या वयावर अवलंबून असतात. साधारण साडेसात मीटर अंतरावर लावलेले माड आठव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत जमीन झाकून टाकतात. पुढे ते उंच गेले की खाली पुन्हा भरपूर उजेड येतो, आणि म्हाताऱ्या माडांखालचे अंगण बागेला सर्वांत सोयीचे ठरते. फक्त तिथे बसायची जागा किंवा गाडी ठेवायची नसते. पाडेली (नारळ पाडणारा) वेळेवर मिळत नाही आणि नारळ वाट पाहत नाही. इमारतीची सावली मात्र स्थिर असते. तिच्याखाली मुळांची स्पर्धा नसते, आणि समोरच्या भिंतीला पांढरा चुना दिला तर परावर्तित उजेडाने बराच फरक पडतो.

तुळशीचा प्रश्न : हिंदू घरात आराखडा इथे अडतो. वृंदावन दारासमोरच असते आणि ते सहसा हलवत नाहीत. सावलीत लावलेली तुळस पहिले दोन महिने हिरवीगार दिसते. मग पेरांतले अंतर वाढते, खालची पाने पिवळी होऊन गळतात, शेंडा उजेडाकडे वाकतो, आणि आषाढात एक दिवस बुंध्याशी काळी पडलेली सापडते. घरात कुजबुज सुरू होते, दोष मात्र मानकुरादाचा असतो. यावर चालणारा उपाय साधा आहे. वृंदावनात माती भरण्याऐवजी आत बसेल अशी मातीची कुंडी ठेवायची आणि तशीच दुसरी गच्चीवर किंवा कुंपणालगत उन्हात वाढवायची. पंधरा दिवसांनी दोन्हींची अदलाबदल करायची. कार्तिक शुद्ध द्वादशीला, गोव्याच्या व्हडल्या दिवाळीला, ऊस आणि चिंच-आवळ्याच्या डहाळ्या खोवून तुळशीचे लग्न लागते तेव्हा उन्हातली कुंडी वृंदावनात असेल असा हिशेब आधीच ठेवावा. चतुर्थीच्या दूर्वांचेही तसेच. हरळी सावलीत विरळ होते, म्हणून तिची एक रुंद कुंडी उन्हात असलेली बरी.

अंगणात उन्हाचा एखादा पट्टा असतोच. तो फुलझाडांना द्यायचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यावर पहिला हक्क तुळशीचा, दुसरा पायवाटेचा आणि मग फुलांचा. पायवाट मध्येच आणण्याला कारण आहे.

पाणी आणि पायवाट : मंगळुरी कौलांच्या घराला पन्हळ नसेल तर पागोळ्या अंगणात पडतात. अंगणाकडे उतरणाऱ्या ५० चौरस मीटर छपरावरून वर्षाला दीड लाख लिटरच्या घरात पाणी खाली येते. पागोळीच्या रेषेत रोप लावले तर जुलैत ते मुळासकट उघडे पडते आणि तांबडा चिखल भिंतीवर गुडघाभर उडतो. पागोळी आणि भिंत यांमधली हातभर जागा मात्र भर पावसातही कोरडी राहते. या दोन पट्ट्यांना वेगवेगळी वागणूक हवी. पागोळीखाली फूटभर रुंद चर खणून त्यात खडी भरावी आणि त्याचा उतार गटाराकडे किंवा विहिरीच्या पुनर्भरणाकडे काढावा. भिंतीलगतच्या कोरड्या पट्टीत कुंड्याच ठेवाव्यात.

चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) पायवाट दिसायला सुरेख आणि इथल्या घराला शोभणारी असते. पण चिरा पाणी पितो, आणि सावलीत त्यावर शेवाळ धरते. जुलैत सकाळी तुळशीला पाणी घालायला अनवाणी निघालेली आजी ज्या चिऱ्यावर घसरते तो ऊन न लागणाराच असतो. उन्हाच्या पट्ट्यातून गेलेली वाट दोन उघाडींत वाळते. वाट सावलीतूनच न्यावी लागत असेल तर खडबडीत फरशी आणि मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा. शिवाय पावसाळ्यात दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासण्याची तयारी ठेवावी. अख्खे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकण्याची सध्याची रीत सोयीची वाटते. पण सावलीत त्याच्या सांध्यांतही शेवाळ धरते आणि झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही.

माती आणि मुळे : गोव्याची जांभी माती आम्लधर्मी असते. तिच्यातले लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे नुसते खत टाकून उपयोग थोडा होतो. पालापाचोळ्याचे कुजके खत भरपूर, आणि चुलीची राख किंवा चुना बेताने, हा जुना मार्ग अजून चालतो. किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत पाणी आणि खत दोन्ही लवकर खाली जातात. तिथे नारळाची सोडणे (वरची काथ्याची साल) खड्ड्यात खोलगट बाजू वर करून थरांनी पुरली तर ओल टिकते. कोरड्या सावलीवर याहून स्वस्त उपाय नाही.

जुन्या आंब्याखाली मात्र खणायचे नाही. त्याची अन्न घेणारी मुळे बहुतांश वरच्या दोन फुटांत आडवी पसरलेली असतात. त्याच्या बुंध्याभोवती चिऱ्यांचा पार बांधून आत माती भरणे ही नव्या बागांतली सर्रास चूक. वड-पिंपळ ते सोसतात. आंब्याची साल मातीखाली कुजते आणि दहा वर्षांनी झाड का वाळले ते कोणाला कळत नाही. मुळांमधल्या सांदींत पसाभर माती घालून नेचे बसवावेत किंवा सरळ कुंड्या मांडाव्यात.

लागवड : सावलीत मजल्यामजल्याने झाडे वाढवण्याची पद्धत गोव्याला नवी नाही. फोंडा, सत्तरी, सांगे, केपे, काणकोणच्या कुळागरांत माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल (काळ्या मिरीची वेल), तिच्याखाली केळ, जायफळ, वेलची, अननस, हळद असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सावलीच्या अंगणाचा आराखडा इथूनच घ्यावा. फरक इतकाच की कुळागराला पाटाचे पाणी असते, अंगणाला नळाचे.

अंगणातल्या आंब्यावर किंवा माडावर मिरवेल चढवता येते. रोप खोडाच्या उत्तर बाजूला लावतात, म्हणजे कोवळ्या वेलीला दक्षिणेकडचे कडक ऊन लागत नाही. नागवेलीलाही अशीच जागा मानवते. खाली ओलसर कोपऱ्यात अळू, हळद, आले, सुरण. सोनटक्का पागोळीच्या चराशेजारी फोफावतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात संध्याकाळी अंगण दरवळते. अर्ध्या सावलीत तगर, अनंत, कुंती आणि अबोली येतात. अबोलीबद्दल स्पष्ट बोललेले बरे. ती सावलीत जगते, पण रोज फाती (गजरे) गुंफण्याइतकी फुले हवी असतील तर तिला सकाळचे तीन-चार तास ऊन लागतेच. जाई, मोगरा, झेंडू, शेवंतीचा हट्ट सावलीत धरू नये.

गर्द सावलीत फुलांचा नाद सोडून पानांकडे वळावे. नेचे, अॅग्लोनिमा, कॅलेथिया, पीस लिली चालतात आणि कोरड्या कोपऱ्यात स्नेक प्लांट. पांढऱ्या ठिपक्यांची किंवा पोपटी पाने काळोख्या जागी उठून दिसतात, गडद पाने विरघळून जातात. रंगीत क्रोटनला नर्सरीवाला सावलीचे झाड म्हणून विकतो, पण सावलीत त्याचा रंग उतरून ते हिरवे पडते. डिफेनबाखियाचे पान चावले तर तोंड सुजते, म्हणून रांगते मूल असलेल्या घरात ते नको. हिरवळीचे म्हणाल तर दाट झाडाखाली कुठलेही गवत नीट टिकत नाही. रुंद पानाचे बफेलो गवत अर्ध्या सावलीपर्यंत तग धरते, त्यापलीकडे मंडो ग्रास लावावे किंवा पाचोळा पसरून मोकळे व्हावे.

छाटणी आणि परवानगी : सावली कमी करायची तर झाड पाडण्याआधी खालच्या फांद्या काढून पाहाव्यात. जमिनीपासून अडीच-तीन मीटर खोड मोकळे झाले की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येते, आणि बहुतेक अंगणांना तेवढे पुरते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर पण पाऊस जोर धरण्याआधी उरकून घावांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावतात. झाड तोडायचे असेल तर 'गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा, १९८४' नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातले का असेना. २०१६ मध्ये या कायद्यातील दुरुस्तीने माडाला 'वृक्षा'च्या व्याख्येतून वगळले होते. त्यावर बराच गदारोळ झाला आणि नंतर माडाला ते संरक्षण पुन्हा मिळाले.

दाट सावलीबरोबर डास येतात. डेंग्यूचा डास बशीभर साचलेल्या पाण्यातही वाढतो, त्यामुळे कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढून टाकाव्यात आणि पानांच्या बेचक्यांत पाणी धरणारी ब्रोमेलियाड दारापासून लांब ठेवावीत. दाराच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा बिनझाडाचा असावा. साप तिथे असला तर दिसतो.

कामाचा क्रम पावसाच्या हिशेबाने लागतो. चर, उतार आणि पायवाट मेअखेर संपली पाहिजे, नाहीतर पहिल्या सरीत माती रस्त्यावर जाते. रोपे मृगाच्या एक-दोन चांगल्या पावसांनंतर लावावीत. कोरड्या सावलीतली रोपे तर तेव्हाच, म्हणजे मुळे धरायला त्यांना चार महिने मिळतात. ऑक्टोबरात लावलेले रोप मेपर्यंत पाण्यावर जगवावे लागते. आणि सगळी आखणी करताना दारासमोर दहा-पंधरा माणसे उभी राहतील एवढा चौक मोकळा सोडायचा असतो. चतुर्थीला आरतीची मंडळी, लग्नाला माटव (मांडव), शिगम्याला मेळ (नाचगाण्याचे जथे), सगळे तिथेच यायचे असतात.