पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ

टीबीचा जंतू आपल्याकडे अगदी सर्रास आहे. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांना त्याचा संसर्ग झालेला आढळला. पण संसर्ग म्हणजे आजार नव्हे. शरीरातल्या पेशी जंतूंभोवती कडं करून त्यांना वर्षानुवर्षं डांबून ठेवतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधी ना कधी टीबी होतो. मग याच लोकांचं कडं का सुटतं? मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू ही कारणं आहेतच. भारतात मात्र सगळ्यांत मोठं कारण त्याहून साधं आहे: पोटाला पुरेसं न मिळणं. पहारा देणाऱ्या पेशीही शेवटी प्रथिनांवरच जगतात.

डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडमधले क्षयाचे मृत्यू घटत चालले होते. पण तेव्हा तिथे घरं, मजुरी, आहार सगळंच सुधारत होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाचं हे वेगळं काढता येत नव्हतं. ते वेगळं काढून दाखवलं झारखंडमधल्या एका प्रयोगाने.

ऑगस्ट २०१९मध्ये राज्यातल्या चार जिल्ह्यांत तो सुरू झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं निवडली. यातली जवळजवळ दोन तृतीयांश आदिवासी होती: संथाळ, हो, मुंडा, उरांव. रुग्णांत पाचपैकी चारहून जास्त जणांचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं.

प्रयोगाची रचना मला फार आवडते. रुग्णांना दोन्ही गटांत दरमहा शिधा मिळाला. आजारी माणसाला उपाशी ठेवून तुलना कशी करणार? फरक ठेवला तो घरच्यांत. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सहा महिने दिल्या, दुसऱ्या गटात नाही. नोंदी चालू असतानाच कोविड आला, तरी जुलै २०२२पर्यंत माग सोडला नाही.

शिधा मिळालेल्या घरांत नव्याने होणारा टीबी ३९ टक्क्यांनी कमी भरला, आणि प्रयोगशाळेत जंतू सापडून निदान झालेला फुफ्फुसांचा टीबी ४८ टक्क्यांनी. यात लस नाही, नवं औषधही नाही. साधारण ३० घरांना शिधा दिला की एक रुग्ण टळतो, असा हिशेब निघाला. रुग्णांच्या बाबतीतला निष्कर्ष तर याहून थेट आहे: उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. दवाखान्यातला साधा वजनकाटाही इतकं सांगून जातो.

२०२३मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत आले. नोव्हेंबर २०२४पासून सरकारच्या 'निक्षय पोषण' योजनेत टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारी रक्कम महिन्याला ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. घरच्यांच्या शिध्याची जबाबदारी मात्र 'निक्षय मित्र' म्हणवणाऱ्या देणगीदारांवर सोपवली आहे. टीबीच्या गोळ्या आपण देणगीतून आणत नाही, सरकारी खर्चाने आणतो. तूरडाळही त्याच यादीत का नसावी?