ॲस्टरला थंडी नको, रात्र हवी

थंडी पडल्याशिवाय शेवंती फुलत नाही आणि ॲस्टरही फुलत नाही. सोलापुरात कुणालाही विचारा, छातीठोकपणे हेच सांगतील. पण शेवंतीला कळ्या धरतात कधी, ते पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात! तेव्हा सोलापुरात कसली थंडी? पंखा बंद केला की घाम फुटतो, ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून आपण कण्हत असतो. थंडीचीच गरज असती तर कळीने निदान मार्गशीर्षापर्यंत वाट पाहिली असती.

हा विषय निघाला तो हिरवळीवरून. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात लॉन पोसणं परवडत नाही, म्हणून बंगल्यापुढच्या मोकळ्या जागेत जमीन झाकणारं दुसरं काहीतरी लोक शोधतात. मग मोबाईलवर ‘वर्षभर फुलणारा निळा गालिचा’ अशी ॲस्टरच्या बियांची जाहिरात दिसते. वर्षभर फुलणारा असा गालिचा नसतो. का नसतो, तीच तर खरी गंमत आहे.

आधी कुठला ॲस्टर, ते ठरवू. आपल्या फूलबाजारात हारासाठी येतो तो चिनी ॲस्टर. बंगळूरच्या ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’ किंवा आपल्याकडच्या ‘फुले गणेश’ मालिकेतल्या जाती त्यातल्याच. ते हंगामी झाड, फुलून संपतं. जमिनीलगत घुमटासारखे वाढणारे ॲस्टर वेगळे. ते उत्तर अमेरिकेतले, बहुवर्षायू. 1994 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना ‘ॲस्टर’ प्रजातीतून काढून ‘सिंफियोट्रायकम’मध्ये टाकलं, पण माळ्यांनी ते मनावर घेतलेलं नाही. ‘स्नो फ्लरी’ ही जात जेमतेम वीतभर उंच होते आणि आडवी पसरते. ‘वूड्स पर्पल’, ‘वूड्स ब्लू’ फूट-सव्वा फुटाचे गोल झुपके करतात. बुडातून फुटवे येत राहतात, झुपके एकमेकांना भिडतात आणि खालच्या मातीला ऊन दिसत नाही. तण कमी, ओल टिकते.

आता फुलण्याचं यंत्र. 1920 साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एका अडेल तंबाखूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तो उन्हाळाभर नुसता उंच वाढायचा, फुलायचाच नाही. त्याला रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस आखूड केला, तेव्हा तो फुलला. तापमान नव्हे, पाणी नव्हे, दिवसाची लांबी! अशा झाडांना ‘लघुदिन वनस्पती’ म्हणू लागले. शेवंती, हे ॲस्टर आणि मुळात आपली ज्वारीसुद्धा याच गोतातली. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या एका तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला, झाडावर काही परिणाम नाही. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, फुलणं बंद! म्हणजे नाव लघुदिन असलं तरी झाड मोजतं ती रात्र, आणि तीही सलग.

मोजतं कसं? पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्याची दोन रूपं. साधारण 660 नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशात ते सक्रिय होतं आणि 730 च्या गडद तांबड्यात परत निष्क्रिय. अंधारातही ते हळूहळू निष्क्रिय होत जातं. पूर्वी वाटायचं, एवढंच घड्याळ पुरे. पण झाडात चोवीस तासांचं वेगळं जैविक घड्याळही चालतं, आणि शेवंतीत या दोघांची गाठ कशी पडते ते 2013 मध्ये जपानी संशोधकांनी उलगडलं. सूर्यास्तानंतर ठराविक तासांनी पानात एक ‘दार’ उघडतं आणि काही वेळाने बंद होतं. दार उघडं असताना तांबडा प्रकाश पडला तर पान ‘अँटिफ्लोरिजेन’ नावाचं प्रथिन बनवतं. नळाला पाणी यायची वेळ ठरलेली असावी तसंच हे, त्या वेळी बादली लावली तरच भरणार. उन्हाळ्यात रात्र आखूड, म्हणून दार उघडं असतानाच उजाडतं आणि अँटिफ्लोरिजेन बनतं. रात्र लांबली की दार उघडून बंदही होतं, उजाडतं नंतर. मग पानात बनणारं ‘फ्लोरिजेन’ हे फुलण्याचा निरोप देणारं प्रथिन शेंड्याकडे जातं आणि तिथल्या एका सोबती प्रथिनाला जोडलं जातं. अँटिफ्लोरिजेन हजर असतं तेव्हा त्याच सोबत्याला तेही बिलगतं आणि जागा अडवतं. शेंड्याने पान करायचं की कळी, याचा निकाल या रेटारेटीत लागतो. (इथे दमला असाल तर परिच्छेद पुन्हा वाचा. मला तो तीनदा लिहावासा वाटला होता.)

हे सगळं सोलापूरला लावून बघू. अमेरिकेच्या मिनेसोटात जूनचा दिवस साडेपंधरा तासांचा, डिसेंबरचा पावणेनऊचा. तिथे झाड उन्हाळाभर पानं-फुटवे करून घेतं आणि शरदात फुलतं. सोलापूर साडेसतरा अक्षांशावर. इथला सर्वात मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच मोठा, सर्वात लहान अकराच्या आसपास. दिवस किती तासांहून आखूड झाला की कळी धरायची, ही एखाद्या जातीची मर्यादा चौदा तासांची असेल, तर तिच्या दृष्टीने सोलापुरात बारा महिने शरदच! रोप बोटभर असतानाच कळी धरतं आणि झुपका होतच नाही. लोक दोष देतात उन्हाला.

याच्या उलट तक्रारही असते. झाड डेरेदार, पण फूल नाही. मग दृष्ट लागली म्हणून कुंडीला लिंबू-मिरची. अमुक पक्षात लावलं म्हणून असं झालं, असंही कुणी सांगतं. पौर्णिमेचा चंद्र फार तर पाव लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड देतो. फाटकावरचा नऊ वॅटचा एलईडी दोन हातांवर शंभरच्या आसपास देतो, तोही रात्रभर. दृष्ट काढायचीच असेल तर त्या दिव्याची काढा, म्हणजे त्याला झाडाच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावा.

हाच दिवा कामालाही लावता येतो. जून-जुलैत फुटवे वेगळे करून फूटभर अंतरावर लावा. ऑगस्टअखेरपर्यंत रोज रात्री दहा ते दोन वाफ्यावर साधा बल्ब ठेवा आणि एक-दोनदा शेंडे खुडा. फुलं आणू न देता फुटवे वाढवायचा हा उपाय हरितगृहातले शेवंतीवाले कधीपासून करतात. सप्टेंबरात दिवा बंद करा. पुढचं काम सोलापूरची रात्र करते. झाकून अंधार करायला सोलापुरी चादर काढायची गरज नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, म्हणून गादीवाफा करा आणि मुरूम, शेणखत मिसळा. द्राक्षवाल्यांना ठाऊक असलेली भुरी इथेही येते. पाणी बुडाशी, ठिबकने द्या. पूर्वेची जागा बरी. एप्रिल-मेचं बेचाळीस-त्रेचाळीस अंश त्याला सोसत नाही, तेव्हा सावलीत चार कुंड्या जगवून ठेवायच्या आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या फुटव्यांनी वाफा पुन्हा भरायचा. एवढी उठाठेव नको म्हणून नर्सरीवाला पिवळ्या फुलांचा वेडेलिया पुढे करेल. तो ॲस्टरच्याच कुळातला आणि कशालाही दाद न देणारा. पण जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. गाजरगवतही याच कुळातलं, एवढं लक्षात ठेवून तो घ्यायचा की नाही ते ठरवा.