पैसा नेमका कुठे वाजतो? घरगुती हाय-फायच्या ‘पैसा वसूल’ शोधाची पार्श्वभूमी

हाय-फाय, म्हणजे मूळ आवाजाशी प्रामाणिक राहणारी घरगुती संगीतयंत्रणा, घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, ॲम्प्लिफायर (आवाजाचा संकेत स्पीकर हलवण्याइतका वाढवणारं यंत्र) कोणता घेऊ? सत्तर वर्षांपूर्वी हा प्रश्न अगदी रास्त होता. घरातलं संगीत तेव्हा खरोखर तिथेच अडत होतं आणि पैसाही तिथेच खर्च होत होता. पुढे ॲम्प्लिफायरचं कोडं सुटलं, मग तबकडीचं सुटलं, आणि अडचण सरकत सरकत स्पीकरपाशी आणि स्पीकर ज्या खोलीत वाजतात त्या खोलीपाशी येऊन थांबली. खरेदीची सवय मात्र जुन्याच जागी राहिली. बेताच्या पैशांत उत्तम आवाज मिळवायचा तर ही सरकासरकी कशी झाली ते आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात टेलिफोनपासून होते. लांबच्या तारांवर आवाज पुन्हा पुन्हा वाढवावा लागे आणि दर वेळी तो थोडा बिघडे. बेल लॅबोरेटरीजमधले अभियंते हॅरोल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीने कामावर जाताना उपाय सुचला, आणि त्यांनी तो हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच मांडला. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडत राहतं. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड लीक यांनी १९४५ मध्ये ‘पॉइंट वन’ नावाचा ॲम्प्लिफायर काढला. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला बिघाड, फक्त ०.१ टक्का, हे त्याच्या नावातच सांगितलं होतं. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचं संपूर्ण सर्किट ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून टाकलं, आणि हातात सोल्डरिंग आयर्न धरता येणाऱ्या कुणालाही उत्तम ॲम्प्लिफायर घरी बांधता येऊ लागला. स्वस्त हाय-फायचा पहिला धडा हाच, असं मला वाटतं. ज्ञान उघडं झालं आणि पैसे फक्त सुट्या भागांचे उरले. अमेरिकेत हीथकिट आणि डायनाको या कंपन्यांनी ‘किट’ विकून मजुरीचा खर्चही वगळला. डायनाकोचा १९५९ चा ‘स्टीरिओ ७०’ एका चॅनेलला ३५ वॉट देणारा होता. त्याचा छापील सर्किट बोर्ड जोडून मिळे, बाकी वायरिंग गिऱ्हाइकाने करायचं. त्यातले काही आजही वाजताहेत.

मग ट्रान्झिस्टर आले. त्याआधीच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरमधल्या सगळ्यात जड आणि खर्चिक भागांपैकी एक म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, तोच आता लागेना. वॉट स्वस्त झाले आणि जाहिरातींतले आकडे फुगले. ‘पीक पॉवर’, ‘म्युझिक पॉवर’ अशा नावांखाली दहा वॉटचं यंत्र पन्नास वॉटचं म्हणून खपू लागलं. अखेर १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की ॲम्प्लिफायर एक तृतीयांश शक्तीवर तासभर तापवून मगच सलग शक्ती मोजायची, आणि ती किती ओहमच्या स्पीकरवर (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), किती डिस्टॉर्शनला हेही सांगायचं. गिऱ्हाइकाच्या बाजूने झालेलं हे फार मोलाचं काम आहे. वॉटच्या आकड्याशेजारी या अटी लिहिलेल्या नसतील, तर तो आकडा मी आजही वाचलाच नाही असं समजतो.

१९७८ साल या कहाणीत मैलाच्या दगडासारखं आहे. त्या वर्षी नॅड या कंपनीने ‘३०२०’ हा ॲम्प्लिफायर आणला. कागदावर फक्त वीस वॉट आणि दिसायलाही साधा, पण अवघड स्पीकरलाही पुरेसा करंट पुरवणारा. तो अफाट खपला, कारण पैसा चकचकीत दर्शनी पट्टीवर न घालता आतल्या पॉवर सप्लायवर घातला होता. त्याच वर्षी क्वाड कंपनीने आपलेच तीन ॲम्प्लिफायर, एक जुना व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणकार श्रोत्यांपुढे झाकून वाजवले. आवाजाची पातळी जुळवलेली होती. श्रोत्यांना कोणता कोणता ते ओळखता आलं नाही. पातळी जुळवणं इथे कळीचं आहे, कारण दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल तर कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानात नॉब हाताने फिरवून केलेली तुलना म्हणूनच फसवते.

तबकडीची गोष्ट थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकात ‘आधी टर्नटेबल, मग बाकीचं’ हा विचार जोरात होता आणि त्यात तथ्यही होतं. सुईने जे उचललंच नाही ते पुढे कुणीही परत आणू शकत नाही. पण १९८२ मध्ये १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारी सीडी आली आणि फिरण्यातली थरथर, मोटरची घरघर, सुईची झीज हे सगळं एका फटक्यात निकालात निघालं. तबकडीवर प्रेम असणं वेगळं, मी ते समजू शकतो. पण निव्वळ आवाजाच्या हिशेबात ‘सोर्स’वर, म्हणजे संगीत वाचणाऱ्या यंत्रावर, मोठा खर्च करण्याचं कारण तेव्हाच संपलं.

स्पीकरची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. आज आपण वापरतो तो कागदी कोनाचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. त्यातून भरदार खर्ज हवा तर खोका कपाटाएवढा लागे. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि ‘एआर-१’ बाजारात आणला. व्हिलचर यांचं म्हणणं असं, की कोनाभोवतीची, त्याला मागे खेचणारी ताठ किनार हेच खर्जातल्या बिघाडाचं मूळ आहे. मग किनार अगदी सैल ठेवा, खोका पूर्ण बंद करा, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरा. अशा स्पीकरचा वूफर (खर्ज वाजवणारा मोठा कोन) बोटांनी अलगद दाबून सोडला तर कोन उसळत नाही, उशीत बोट रुतवल्यावर ती भरून येते तसा हळूच जागेवर येतो. जुना बंद खोक्याचा स्पीकर हवाबंद आहे का, हे पाहायची हीच सोपी परीक्षा.

याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. क्लॉस यांचे पुढचे भागीदार जे. ए. हॉफमन यांनी ती नियम म्हणून मांडली. खोल खर्ज, लहान खोका आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच पदरात पडतात. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीत तो किती मोठ्याने वाजतो ते) तीन डेसिबलने घटली की तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. पण वॉट तर दिवसेंदिवस स्वस्त होत होते! महाग लाकूड आणि जागा वाचवायची, स्वस्त वॉट खर्चायचे, हा सौदा ज्यांना उमगला त्यांनीच पुढची वीस वर्षं परवडणारं हाय-फाय घडवलं. क्लॉस यांनी १९६७ मध्ये ॲडव्हेंट काढली आणि मुद्दाम दोनच ड्रायव्हरचा (ड्रायव्हर म्हणजे खोक्यातला प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) स्पीकर बनवला. खर्ज महागड्या स्पीकरच्या तोडीचा ठेवायचा आणि काटकसर बाकी ठिकाणी करायची, असा हिशेब.

दरम्यान ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोकाच्या खोक्याचं, म्हणजे खर्ज वाढवायला मुद्दाम भोक ठेवलेल्या खोक्याचं, गणित मांडलं होतं. त्याची जगभर दखल घेतली गेली ती ते १९७१ मध्ये पुन्हा छापलं गेल्यावर. रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. आता ड्रायव्हरचे मोजके आकडे हाती असले की खोका किती लिटरचा आणि भोक किती लांबीचं हे कागदावरच ठरवता येऊ लागलं. अंदाजाने खोके कापून फेकण्याचा खर्च वाचला.

शेवटचं कोडं, चांगला आवाज म्हणजे नेमकं काय, हे कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी सोडवायला घेतलं. पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना विचारलं, तर आवडीनिवडी वाटतात तेवढ्या वेगळ्या निघाल्या नाहीत. समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा पसरणारा आवाज बहुतेकांना भावला. या कामातूनच पुढे २०१३ चं सीईए-२०३४ हे मानक आलं, ज्यात स्पीकरभोवती दहा-दहा अंशांवर एकूण ७० मोजमापं घेतात. चांगलेपणा मोजता येऊ लागला की तो स्वस्तातही घडवता येतो. टीएडी या कंपनीचे अतिमहाग स्पीकर रचणाऱ्या अँड्र्यू जोन्स यांनीच २०१२ मध्ये पायोनियरचे अगदी स्वस्त बुकशेल्फ स्पीकर रचले, आणि २०१५ मध्ये एलॅक कंपनीचे. दरम्यान क्लास डी (सतत चालू-बंद होत काम करणाऱ्या, कमी तापणाऱ्या) चिपमुळे ॲम्प्लिफायरही तळहातावर मावू लागले.

राहिली खोली. साधारण ३०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कंपनांच्या) खाली स्पीकरपेक्षा भिंतीच जास्त बोलतात. म्हणून स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढून पाहणं हा या छंदातला सगळ्यात फायद्याचा आणि फुकटचा प्रयोग आहे.

जुन्या स्पीकरबद्दल एक सांगायलाच हवं. सत्तरच्या दशकापासून अनेक कंपन्यांनी वूफरची किनार फोमची केली, आणि फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतो. बोट लावलं तर काळी-तपकिरी भुकटी हाताला येते. असे स्पीकर मातीमोल भावात निघतात, पण मॅग्नेट, कॉइल आणि खोका बहुधा धडधाकट असतात. जुनी किनार खरवडून काढायची, व्हॉइस कॉइलभोवती (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याभोवती) कागदाच्या पट्ट्या सारून ती मधोमध धरायची, नवी किनार चिकटवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या काढून ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात सोडायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. कॉइल कुठे घासल्याची खरखर आली नाही, तर तो स्पीकर पुढच्या पंधरा-वीस वर्षांसाठी सज्ज झाला.