स्पायटॅग एवढासा कसा झाला

स्पायटॅग म्हणजे दोन प्रोटीन एकमेकांना कायमची जोडायला लावतात तो छोटासा तुकडा. तशी दोन प्रोटीन कायमची जोडायची तर सरळ रस्ता म्हणजे दोघांचे जीन सलग लावून फ्युजन, म्हणजे एकच लांब प्रोटीन बनवायचं, पण बऱ्याचदा एकाची घडी नीट बसते, दुसऱ्याची बिघडते आणि सगळी मेहनत पाण्यात. वेगवेगळी बनवून मग जोडावीत म्हटलं तर बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन (एक व्हिटॅमिन आणि त्याला घट्ट धरणारं प्रोटीन) होतंच, पकड जबरदस्त, पण ती कोव्हॅलंट, म्हणजे पक्क्या रासायनिक बंधाची नाही आणि स्ट्रेप्टाव्हिडिन म्हणजे चार तुकड्यांचं धूड.

तोडगा निघाला घसा धरणाऱ्या जंतूतून. 2007 मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या टीमला स्ट्रेप्टोकोकस पायोजिनिसच्या पिलस (अंगावरच्या केसासारख्या तंतूच्या) प्रोटीनमध्ये लायसिन आणि अ‍ॅस्परॅजिन या दोन अमिनो अ‍ॅसिडांत आपोआप जुळलेला आयसोपेप्टाइड बाँड, म्हणजे असाच पक्का बंध दिसला. एन्झाइम नाही, काही नाही. मग ऑक्सफर्डमध्ये झाकेरी आणि हॉवर्थ यांनी तेच प्रोटीन तोडलं, शेवटचा 16 अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा वेगळा काढला आणि 2010 मध्ये दाखवलं की तो आपल्या जोडीदाराला परत जाऊन चिकटतो. फक्त फार सावकाश, तासन्‌तास लागायचे.

खरी मजा 2012 ला. जंतू तोच, पण प्रोटीन दुसरं, एफबीएबी, त्यातलं सीएनएबी2 डोमेन (प्रोटीनचा स्वतंत्र घडी पडणारा भाग). ते तोडून दोन भाग केले: छोटा स्पायटॅग आणि त्याला पकडणारा मोठा स्पायकॅचर. टॅग 13 अमिनो अ‍ॅसिडचा, त्यात अ‍ॅस्पार्टेट, आणि लायसिन कॅचरमध्ये, शेजारी मदतीला एक ग्लुटामेट. काही मिनिटांत काम फत्ते. एसडीएसमध्ये (प्रोटीनची घडी मोडणाऱ्या डिटर्जंटमध्ये) उकळून प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चढवलं तरी दोन बँडच्या जागी वर एकच जाड बँड दिसतो, तो बघितला की वेगळा पुरावा कशाला हवा!

पण टॅग इवलासा असला तरी कॅचर मोठाच होता ना, आणि जोडल्यावर तो प्रोटीनला कायम लटकून राहतो, मला तरी ही या पद्धतीची खरी अडचण वाटते. 2014 मध्ये क्रिस्टल स्ट्रक्चर आलं, त्याच्या आधारे कॅचरची टोकं छाटून 32 अमिनो अ‍ॅसिड कमी केले. त्याच वर्षी स्पायलायगेज आलं: डोमेनचे दोनऐवजी तीन तुकडे, लायसिन 10 अमिनो अ‍ॅसिडच्या के-टॅगमध्ये हलवलं, म्हणजे दोन्हीकडे छोटे टॅगच राहतात आणि उरलेला तुकडा जोडणी करून बाजूला होतो. कल्पना भारी, पण नखरे फार, थंडीत 4 अंशांवरच बरं चालायचं.

नंतर स्पीडवर जोर आला. 2019 च्या तिसऱ्या आवृत्तीत टॅग उलट 16 अमिनो अ‍ॅसिडचा झाला, पण वेग मूळच्या कितीतरी पट. आपल्याकडचा धागा म्हणजे 2020 मध्ये स्पायबायोटेक या कंपनीनं पुण्याच्या सीरमसोबत याच जोडणीची कोविड लस ऑस्ट्रेलियात ट्रायलला नेली, हेपटायटिस बीच्या कणांवर कोरोनाच्या स्पाइकचा तुकडा चिकटवून.