छातीतल्या गाठी: क्षय की सार्कॉइडोसिस?

पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढणाऱ्या माणसाला अर्ध्यावरच धाप लागू लागते, कोरडा खोकला दोन महिने हटत नाही आणि छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) सुजलेल्या दिसतात. पुण्यात अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तच असतो; परंतु हेच चित्र सार्कॉइडोसिसचेही असू शकते.

सार्कॉइडोसिसमध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी एकत्र येऊन ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी तयार करतात. मूळ कारण अद्याप सापडलेले नाही. मात्र हा कर्करोग नव्हे आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. सुमारे 90 टक्के रुग्णांत फुप्फुसे किंवा छातीतल्या ग्रंथी बाधित असतात.

खरी अडचण निदानाची आहे, कारण ग्रॅन्युलोमा क्षयातही असतात. क्षयात त्यांच्या मध्यभागी पेशी मरून पनीरसारखा भुसभुशीत भाग बहुधा दिसतो, सार्कॉइडोसिसमध्ये सहसा दिसत नाही. पण हा फरक दर वेळी स्पष्ट नसल्याने श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या मदतीने, सुईने ग्रंथीचा तुकडा काढतात आणि त्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, जीन एक्स्पर्ट (क्षयजंतूंची जनुके शोधणारी चाचणी) व जंतुसंवर्धन अशा तिन्ही तपासण्या करतात. लहानपणी बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्या रुग्णाचीही मान्टू चाचणी (क्षयासाठी त्वचेत टोचून करतात ती) सार्कॉइडोसिसमध्ये बऱ्याचदा नकारात्मक येते, हा उपयुक्त दुवा आहे. सार्कॉइडोसिसमध्ये वाढू शकणाऱ्या, रक्तातील एसीई या विकराच्या पातळीवर एकट्याने विसंबू नये. तुकडा न तपासता सुरू केलेले उपचार मला धोक्याचे वाटतात: क्षय नसताना त्याची औषधे यकृताला विनाकारण त्रास देऊ शकतात, तर क्षय असताना सार्कॉइडोसिस समजून दिलेली स्टेरॉइड्स तो भडकवू शकतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ग्रॅन्युलोमातील पेशी स्वतःच सक्रिय ड जीवनसत्त्व बनवतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मुतखडा होऊ शकतो; म्हणून ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अनेकांचा आजार औषधाविना दोन-तीन वर्षांत ओसरतो, तेव्हा केवळ नियमित तपासणी पुरते. फुप्फुसांचे काम घटत असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, साधारणतः रोज 20 ते 40 मिलिग्रॅमपासून सुरू करून महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत देतात. ते पुरेसे नसेल किंवा सोसत नसेल तर मेथोट्रेक्सेट, क्वचित इन्फ्लिक्सिमॅब ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे देतात. डोळ्यांची तपासणी आणि ईसीजी मात्र तक्रार नसतानाही करून घ्यावेत, कारण डोळ्यातील दाह आणि हृदयाच्या ठोक्यांतील अडथळा सुरुवातीला जाणवेलच असे नाही.