टाचेच्या हाडाच्या फ्रॅक्चरवरील शस्त्रक्रिया

टाचेचे हाड, म्हणजे कॅल्केनियस, मोडून खचले असता त्याचे तुकडे जुळवून प्लेट, स्क्रू किंवा तारांनी पक्के बसवण्याची शस्त्रक्रिया. उंचावरून पडून टाचांवर आपटणे हे या फ्रॅक्चरचे नेहमीचे कारण. घोट्याखालचे टॅलस हे हाड पाचरीसारखे खाली घुसते, टाच बसकी व रुंद होते आणि बहुतेकदा दोन्ही हाडांमधला सबटेलर सांधाही फुटतो. याच धक्क्याने कमरेचा मणकाही मोडू शकतो, त्यामुळे पाठ तपासलीच पाहिजे.

एक्स-रेवर बोलरचा कोन, म्हणजे टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आखलेल्या दोन रेषांमधला कोन, मोजतात. तो एरवी साधारण २०° ते ४०° असतो. टाच खचली की कमी होतो. सांध्याचे किती तुकडे झाले हे मात्र सीटी स्कॅनवरच नीट कळते. १९९३ पासून प्रचलित असलेले या फ्रॅक्चरचे सँडर्स वर्गीकरण सीटी स्कॅनवरच आधारलेले आहे.

शस्त्रक्रिया कधी करायची हे हाडापेक्षा कातडी ठरवते. टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडी पातळ असते आणि तिच्याखाली स्नायूंचे आवरण जवळजवळ नसते. सूज असताना मोठा छेद घेतला तर जखमेच्या कडा काळ्या पडतात आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून पाय उंच ठेवून बहुधा एक ते दोन आठवडे वाट पाहतात. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या की सूज उतरली असे समजतात. नातेवाइकांना हा उशीर हलगर्जीपणा वाटतो, पण तो उपचाराचाच भाग आहे. उघडी जखम असेल, किंवा मागचा तुकडा वर सरकून कातडीला आतून दाबत असेल, तर मात्र थांबता येत नाही. असा दाब वेळेत काढला नाही तर तिथली कातडी मरते.

पूर्वी बाहेरच्या बाजूने इंग्रजी एल अक्षरासारखा मोठा छेद सर्रास घेत. त्यातून सांधा छान दिसतो, पण जखमेचा त्रास बराच होतो. आता अनेक सर्जन सायनस टार्सायवरचा, म्हणजे बाहेरच्या बाजूला टॅलस व टाचेच्या हाडामधल्या पोकळीवरचा, लहान छेद पसंत करतात. आतल्या बाजूचा, टॅलसला आधार देणारा सस्टेंटॅक्युलम टॅलाय हा तुकडा बहुधा जागेवर राहतो. बाकीचे तुकडे त्याच्याशी जुळवून स्क्रू त्यातच रोवतात.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. तुकडे जागचे हललेले नसतील तर ती टाळावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, सांध्याचे तुकडे जागचे हललेल्या रुग्णांतही दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेचा वेगळा फायदा दिसला नाही. गुंतागुंत मात्र जास्त झाली. टाच फारच विद्रूप झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. धूम्रपान आणि मधुमेह यांमुळे जखम बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून सिगारेट-बिडी बंद करण्याचा आग्रह सर्जनने धरायलाच हवा.

शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ ते १२ आठवडे पायावर भार देत नाहीत. घोट्याची हालचाल मात्र लवकर सुरू करतात. चांगले जुळवूनही काहींचा सांधा पुढे झिजतो आणि खडबडीत जमिनीवर चालताना दुखतो. वेदना असह्य झाल्यास सबटेलर सांधा कायमचा जोडून टाकतात. टाचेची उंची आणि आकार आधीच सुधारलेला असेल, तर ही दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते.