पेशंट लिफ्ट

स्वतःहून उठू-बसू न शकणाऱ्या रुग्णाला पलंगावरून खुर्चीत, कमोडवर किंवा स्ट्रेचरवर हलवण्याचे यंत्र. चाकांची चौकट, वर-खाली होणारा दांडा आणि दांड्याला अडकवलेली कापडी झोळी, एवढाच त्याचा पसारा. दांडा हातपंपाच्या हायड्रॉलिकने किंवा बॅटरीवरच्या मोटारीने उचलला जातो. छताच्या रुळावरून सरकणारा प्रकारही असतो.

मराठवाड्यात हे काम अजून बहुतांशी माणसांच्या कमरेवरच आहे. वॉर्डातले मामा-मावशी आणि नातेवाईक चादरीची टोके धरून रुग्ण उचलतात. घरी लकवा झालेल्या सासूला सून एकटीच काखेत हात घालून बसती करते. अशा ओढण्याने लुळा खांदा निखळू शकतो, चादरीच्या घर्षणाने पाठीची कातडी सोलवटते. अमेरिकेत 2007 साली सुचवली गेलेली मर्यादा अशी, की रुग्ण हलवताना एकाने सुमारे 16 किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये. साठ किलोचा माणूस चौघांत सारखा वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला 15 किलो येतात, आणि भार सारखा कधीच वाटला जात नाही. मावशींच्या कंबरदुखीला वयाचे दुखणे म्हणून सोडून देणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

खरी कसोटी झोळी घालण्यात असते. रुग्णाला कुशीवर वळवून ती माकडहाडापासून खांद्यापर्यंत पाठीखाली सरकवायची, खालचे दोन पट्टे मांड्यांखालून घेऊन एकमेकांतून ओवायचे. झोळी दांड्याला अडकवण्याचे दोन्ही बाजूंचे फास एकाच मापाचे हवेत. चौकटीचे पाय फाकवून रुग्णाला चार बोटे वर उचलायचे, थांबायचे, फास आणि लघवीची नळी पाहायची, मगच पुढे. बाळाची झोळी झुलवतात. ही झुलू द्यायची नाही. दुसरे माणूस त्यासाठीच जवळ लागते.

घरी यंत्र आणण्याआधी जमीन आणि पलंग पाहावा. शेणाने सारवलेल्या भुईत छोटी चाके रुततात, उंबऱ्यावर अडतात. खालून बंद दिवाण असेल तर चौकटीचे पाय आत शिरतच नाहीत. लोखंडी पलंग बरा. वीज जाणाऱ्या गावात हातपंपाचे यंत्र सोयीचे. बॅटरीचे घेतल्यास, बॅटरी संपल्यावर रुग्णाला हाताने खाली उतरवण्याची कळ कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.